चटईएवढी जागा

डोंबिवली पूर्वेच्या त्या वन बीएचकेमध्ये व्यायामाची चटई पसरायची तर आधी टीपॉय सरकवावा लागतो. टीपॉयवर दोन चष्मे, गोळ्यांची पाकिटं, कालचं वर्तमानपत्र आणि मोबाइलचा चार्जर. ते सगळं उचलून टीव्हीच्या कपाटावर ठेवायचं, टीपॉय भिंतीला टेकवायचा, प्लास्टिकची खुर्ची गॅलरीत न्यायची. मग दिवाण आणि सोफा यांच्यामध्ये सहा फूट लांब, दोन फूट रुंद चटई जेमतेम मावते. दिवाणावर सासूबाई झोपलेल्या असतात, म्हणून हॉलचा दिवा लावायचा नाही. स्वयंपाकघरातून येईल तेवढाच उजेड. पहाटेचे सव्वापाच वाजलेले असतात.

ही चटई पसरणारी बाई एका बँकेत नोकरीला आहे. वय पन्नाशीला टेकलेलं. घरात नवरा, सासूबाई आणि आत्ताआत्तापर्यंत मुलगी. आठवड्यातले चार दिवस ती या दोन फुटी पट्ट्यावर जो व्यायाम करते, तो अंग मोकळं करण्यापुरता नाही. बैठका, जोर, एक पाय मागे टाकून गुडघा जमिनीलगत नेण्याचे लंजेस, प्लँक, तांदळाची पिशवी भरलेली सॅक कमरेतून वाकून वर ओढण्याचा प्रकार आणि शेवटी बर्पी. प्रत्येकाला चाळीस सेकंद, मध्ये वीस सेकंद दम घ्यायला. सहा प्रकारांची एक फेरी, अशा चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत घामानं चटईवरून हात निसटायला लागतात. चौथ्या फेरीत कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला श्वास उरत नाही.

तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या बहुतेक मैत्रिणींचं हे सुटलं. तिचं टिकलं. लोक तिच्या जिद्दीचं कौतुक करतात तेव्हा ती अवघडते, कारण तिला त्यात तथ्य वाटत नाही. सुटलं त्यांच्यात तिच्याहून जिद्दीच्या बायका होत्या. तिचं म्हणणं असं की घरानं हळूहळू जागा करून दिली म्हणून टिकलं, आणि ती जागा आपसूक मिळाली नाही. मागावी लागली, काही वेळा भांडावं लागलं. तिचं घर जवळून पाहिलं की हे पटतं.

सुरुवात 2020 सालची. 25 मार्चपासून देश बंद झाला आणि महाराष्ट्रातल्या जिम थेट त्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत, म्हणजे 25 ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. तिनं आयुष्यात जिमची पायरी चढलेली नव्हती, त्यामुळे जिम बंद असण्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. पण आठवीतली मुलगी घरात कोंडली गेली होती आणि तिनं मोबाइलवर एक परदेशी कार्यक्रम शोधून काढला: महिनाभराचं वेळापत्रक, रोज अर्धा तास, साधनं काही नाहीत. लाकडी फरशीच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये एक तगडा प्रशिक्षक हसत हसत उड्या मारत होता. मायलेकी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी हसण्यातच वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी फारसं काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र कचऱ्याचा डबा घेऊन खाली जाताना जिना उतरवेना. चढताना ठीक, उतरताना मांड्या ठणकत. कठडा धरून, आडवी होऊन ती एकेक पायरी उतरली. या दुखण्यामागे कारण असतं. पायरी उतरताना किंवा बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलत असतो. सवय नसलेल्या स्नायूला अशा कामात सूक्ष्म इजा होते आणि दुखणं लगेच न येता एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं. स्नायूत आम्ल साचून दुखतं, ही समजूत अजून सगळीकडे ऐकू येते. पण ते आम्ल तासाभरात निघून गेलेलं असतं. तिला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. आपल्याला काहीतरी झालंय असंच तिला वाटलं. सासूबाईंनी तेल गरम करून दिलं आणि म्हणाल्या, "एवढं घामाघूम होऊन काय मिळतं गं तुला? दिवसभर उभीच तर असतेस."

हे वाक्य घरोघरी बोललं जातं, आणि त्यात खोटं काहीच नाही. बायका दिवसभर उभ्या असतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची 2024 सालची वेळ-वापर पाहणी सांगते की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, पुरुष 88 मिनिटं. आणि 2024 सालीच 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातल्या 57 टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के आहे. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की बायकांच्या व्यायामाबद्दलचे बरेचसे उपदेश पोकळ वाटायला लागतात. जी दमते तिलाच हालचाल कमी पडते. ओट्याशी तासन् तास उभं राहणं, वाकून भांडी लावणं, कपडे घड्या करणं यात पाठ मोडते, पण बहुतेक वेळा ना छातीचे ठोके वाढतात, ना स्नायूंना बळ मिळेल इतकं वजन पडतं. पाच तासांच्या कामातून अर्धा तास काढायचा कुठून, हा खरा प्रश्न आहे आणि तो एकट्या बाईनं सोडवायचा नाही.

महिन्याचं वेळापत्रक संपलं. मुलीचा उत्साह त्याआधीच संपला होता. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसं. तिलाही वाटलं होतं की एकवीस दिवस केलं की सवय लागते. ही एकवीस दिवसांची कथा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून पसरली. आपल्या बदललेल्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला रुग्णाला किमान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं; त्यातला 'किमान' गळून पडला आणि सवयींचा नियम तयार झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला तेव्हा एखादी कृती आपोआप घडू लागायला सरासरी 66 दिवस लागले, आणि व्यक्तीव्यक्तींमधला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी घरसंसार सांभाळणाऱ्यांना फार मोलाची आहे: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता.

तिचे दिवस चुकतच होते. आधी तिनं संध्याकाळ निवडली होती. बँकेतून आलं की साडेसात-पावणेआठ. त्या वेळी कुकर लावायचा असतो, मुलीला काहीतरी विचारायचं असतं, सासूबाईंची मालिका सुरू असते आणि चटईची जागा टीव्हीच्या बरोबर समोर. ती प्लँकमध्ये असताना कुणीतरी तिला ओलांडून पाणी प्यायला जाई. बेल वाजे. एकदा तर दुधाची पिशवी कुठे ठेवली आहे हे तिनं बैठका मारता मारता सांगितलं होतं. कुणी मुद्दाम अडवत नव्हतं. घरातल्या प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की ही आत्ता मोकळीच आहे.

मग पहाट. पण पहाटेवर आधीच पाण्याचा हक्क होता. त्या इमारतीत पाणी येतं सकाळी, तास-सव्वा तास. पिंप, बादल्या, पिण्याच्या पाण्याचे हंडे, वॉशिंग मशीनची एक खेप हे सगळं त्याच वेळेत उरकायचं, आणि त्याच वेळेत तीन डब्यांची भाजी-पोळी. आठच्या आतली लोकल गाठायची तर एकही मिनिट सांडून चालत नाही. डोंबिवलीहून सकाळच्या वेळी गाडीत चढणं काय असतं, ते तिथल्या फलाटावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

तिनं एका रविवारी सगळ्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं, की पाणी भरणं आणि सकाळचा चहा यातून मला मोकळं करा. नवरा म्हणाला, "अगं, एवढंच ना? सांगायचं की." नंतरचे पंधरा दिवस मात्र तो रोज विचारत राहिला, पिंप किती भरायचं, हंडा घासायचा का, मशीनमध्ये पावडर किती. ती चटईवरून उत्तरं देत राहिली. मग एके दिवशी तिनं उत्तरं देणं थांबवलं. त्या दिवशी पिंप वाहिलं, बाथरूमपासून हॉलपर्यंत पाणी आलं आणि चटईचं एक टोक भिजलं. नवऱ्यानं ते पुसून काढलं. त्यानंतर प्रश्न बंद झाले. आज तो माणूस पाणी भरतो, चहा करतो आणि आदल्या रात्री भाजी चिरून ठेवतो. घरात हे आता कुणाला विशेष वाटत नाही, आणि तिच्या लेखी या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोठी कमाई तीच आहे.

व्यायामाच्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत हा भाग नसतो. तिथं एकटा माणूस असतो, रिकामी खोली असते. मुंबई-ठाण्याकडच्या घरांत खोली रिकामी नसते आणि माणूस एकटा नसतो. म्हणून कुठला प्रकार किती वेळा, यापेक्षा चटई कुठल्या वेळेला पसरली तर कुणाच्या वाटेत येणार नाही, याचा विचार आधी करावा लागतो.

वाटेत येणाऱ्यांत खालच्या मजल्यावरच्या काकूही होत्या. व्हिडिओतल्या माणसासारखी तिनं पहाटे बर्पी करायला सुरुवात केली. खाली बसा, हात टेका, दोन्ही पाय झटक्यात मागे, परत पुढे, आणि वर उडी. चौथ्या-पाचव्या दिवशी जिन्यात काकू भेटल्या. "काय गं, वर पहाटे उड्या कोण मारतं? आमच्या देवघरातली समई हलते."

"काकू, मीच."

काकू क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना मुलीचं नाव अपेक्षित होतं.

यातून निघालेला मार्ग तिच्या पथ्यावर पडला. उडी काढून टाकली. पाय एकदम न फेकता एकेक करून मागे न्यायचा, एकेक करून पुढे आणायचा, आणि शेवटी टाचा उचलून हात वर. आवाज शून्य. श्रम थोडे कमी होतात, पण वेग ठेवला तर दम तितकाच लागतो. गंमत अशी की बर्पीचं मूळ रूप याच्याच जवळचं आहे. रॉयल बर्पी या अमेरिकी शरीरक्रियातज्ज्ञानं 1930 च्या दशकात हा प्रकार बसवला तो व्यायाम म्हणून नव्हे. माणसाची तंदुरुस्ती झटपट जोखण्यासाठी. त्यात उडी नव्हती, जोरही नव्हता. चार वेळा करायचं, आधी आणि नंतर नाडी मोजायची, आणि ठोके किती लवकर जागेवर येतात ते पाहायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं तो उचलला आणि पुढे त्याची शिक्षा झाली.

उड्या बंद करायला आणखी एक कारण होतं, आणि ते तिनं बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. उडी मारली की लघवीचे थेंब येत. कडक प्लँकमध्येही कधी कधी. तिला वाटलं हे आपल्यालाच होतंय. व्यायाम सोडून द्यायच्या विचारापर्यंत ती आली होती. अखेर जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. बाळंतपण झालेल्या आणि पाळी जाण्याच्या वयाला आलेल्या बायकांत हे सर्रास आढळतं. ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू सैल पडलेले असतात. अर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञानं 1948 साली त्या स्नायूंचे व्यायाम मांडले, आणि आजही पहिला उपाय तोच आहे. लघवी रोखून धरताना आत जे आवळलं जातं ते आवळायचं, काही सेकंद धरायचं, पूर्ण सैल सोडायचं. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या घट्ट करायच्या नाहीत. लोकलमध्ये उभ्या उभ्या, काउंटरवर बसल्या बसल्या, कुठेही. डॉक्टरांनी तिला काही महिने सांगितले होते आणि काही महिन्यांत फरक पडला.

हे इथं सविस्तर लिहायचं कारण एवढंच की कितीतरी बायका नेमक्या याच जागी व्यायाम सोडतात आणि घरच्यांना 'वेळ मिळत नाही' असं सांगतात. ज्या विषयावर आई मुलीशी बोलत नाही त्या विषयावर मासिकात तरी बोललं जावं.

जोरांची गोष्ट जास्त आनंदाची आहे. पहिल्या दिवशी तिला एकही जोर काढता आला नव्हता; खाली गेली ती चटईवरच आडवी झाली. मग तिनं स्वयंपाकघराचा ओटा धरला. हात ओट्याच्या कडेवर, पाय मागे, अंग सरळ, छाती कडेपर्यंत न्यायची आणि परत. हे भिंतीवरच्यापेक्षा अवघड, जमिनीवरच्यापेक्षा सोपं. यामागचं गणित संशोधकांनी मोजून ठेवलेलं आहे. जमिनीवरच्या साध्या जोरात हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे 64 टक्के भार येतो. गुडघे टेकले तर तो 49 टक्क्यांवर येतो. हात तीस सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर 55, साठ सेंटिमीटरवर ठेवले तर 41. ओटा त्याहून उंच, म्हणजे भार आणखी कमी. घरात प्रत्येक उंचीचं काही ना काही असतंच: ओटा, जेवणाचं टेबल, दिवाण, स्टूल, पाट. ती अशीच उतरत गेली. ओट्यावर सहज जमायला लागलं की दिवाणाची कड, मग भक्कम स्टूल. स्टूल भिंतीला टेकवलेलं असायचं, नाहीतर ते सरकतं.

गुडघे टेकून करायचा सोपा प्रकार तिनं टाळला. त्यात कमरेपासून खालचं अंग कामाला लागत नाही, आणि पूर्ण जोरात कंबर खाली झोळते ती नेमकी तिथंच. तिचा हा निर्णय योग्य होता असं वाटतं. ज्या दिवशी जमिनीवरचा पहिला जोर पुरा झाला त्या दिवशी दिवाणावरून आवाज आला, "हां, आता कोपर बाहेर जाऊ देऊ नकोस." सासूबाई जाग्या होत्या. कधीपासून पाहत होत्या कोण जाणे.

त्यांना हे ठाऊक असण्यामागे कारण होतं. त्यांचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, आणि वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकलेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. त्याआधी त्यांना शरीरसौष्ठवपटू युजीन सँडोच्या व्यायामपद्धतीनं झपाटलं होतं. त्याची साधनं मागवून ते व्यायाम करत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग तेच आयुष्यभर. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, स्वतः रोज घालत, आणि राणीसाहेबांसह घरातली मंडळीही घालत. 1928 साली त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि 1938 साली लंडनहून त्यांची पद्धत सांगणारं दुसरं. त्यात नमस्काराच्या दहा स्थिती आहेत. आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात. राजांचा जोर ज्या गोष्टींवर होता त्या आजच्या वन बीएचकेला शब्दशः लागू आहेत: साधन नको, माणसाच्या उंचीएवढी जागा पुरे, आणि बायकामुलांनी घरातच करावं.

सासूबाईंचे वडील म्हातारपणीही सकाळी ओसरीवर नमस्कार घालत, आणि लहानपणी त्या शेजारी बसून मोजत. मोजण्याची ती सवय इतक्या वर्षांनी डोंबिवलीत उपयोगाला आली. शनिवारी आता चटईवर फेऱ्या नसतात, नमस्कार असतात, आणि आकडे दिवाणावरून येतात. गुडघ्यांमुळे सासूबाईंना स्वतःला नमस्कार घालता येत नाहीत. पण फिजिओथेरपिस्टनं सांगितलेलं खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं त्या करतात, आणि सुनेनं आकडा चुकवला तर खपवून घेत नाहीत.

मध्ये मोठे खंड पडले. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलीची दहावी, बँकेत मार्चअखेर. गणपतीत तर घरात माहेरची आणि सासरची मिळून इतकी माणसं झोपलेली असतात की चटई सोडा, पाय ठेवायला जागा शोधावी लागते. या काळात ती व्यायाम करत नाही आणि त्याची खंतही बाळगत नाही. खंडानंतर परत सुरू करताना काय होतं हे तिच्या अंगानं तिला शिकवलं आहे. दम आधी जातो. दोनेक आठवड्यांतच दुसऱ्या फेरीत धाप लागते. ताकद मात्र तग धरते, आणि गेली तरी पहिल्यांदा कमावताना जितका काळ लागला होता त्याहून लवकर परत येते. म्हणून परत सुरू करताना ती चारऐवजी दोन फेऱ्या करते, आणि आधी काय जमत होतं ते आठवत बसत नाही.

घाईच्या दिवसांसाठी तिनं दुसरी सोय केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 सालच्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम श्रमांची 150 ते 300 मिनिटं किंवा जोरकस श्रमांची 75 ते 150 मिनिटं हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम. आधीच्या सूचनांत एक अट होती, की सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल मोजायची नाही. ती आता काढून टाकली आहे. चार मिनिटं इथं, सहा मिनिटं तिथं, सगळं धरलं जातं. म्हणून ज्या सकाळी चटई पसरणं शक्य नसतं त्या सकाळी ती कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावर जोर काढते, आणि पोळ्या झाल्या की तवा निवेपर्यंत बैठका मारते.

खाण्यात तिनं फार उलथापालथ केली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं सुचवली आहेत. साठ किलोच्या बाईला म्हणजे पन्नास ग्रॅम. तिनं एकदा दिवसभराचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं की घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या ताटात आमटीचं पाणी आणि दोन पोळ्या येत होत्या. डाळ आणि उसळ आधीच संपलेली असे. आता ती आधी स्वतःच्या डब्यात उसळ भरते. सोबत दोन अंडी किंवा वाटीभर दही. डब्याचं झाकण लागलं की मग बाकीच्यांचं पान. सुरुवातीला हे करताना तिचा हात थबकत असे, असं ती सांगते.

वजन फार उतरलं नाही. ब्लाउज दंडात घट्ट झाले आणि कमरेला सैल, तेवढंच. पण तिशीनंतर स्नायू कमी होत जातात, पाळी थांबण्याच्या काळात हाडंही झिजायला लागतात, आणि या दोन्हींवर वजन पेलण्याचा उपयोग होतो, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं आहे. तिला स्वतःला फरक कळला तो सिलिंडरवर. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस 14.2 किलो, आणि लोखंड धरून सगळं मिळून तीस किलोच्या आसपास. पूर्वी भरलेला सिलिंडर दारातून ओट्याखाली न्यायचा तर ती तो कडेवर कलता करून फिरवत नेई, नाहीतर नवऱ्याची वाट पाही. एका दुपारी तिनं गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, कडी दोन्ही हातांनी धरली आणि उचलून चार पावलं चालत गेली. फरशीवर गोल चरा उमटला नाही. गाडीत परतीच्या वेळी दोन्ही हात वर धरून तासभर उभं राहिलं तरी आता खांदे आंबत नाहीत.

मुलगी आता शिकायला पुण्याला आहे. होस्टेलच्या खोलीत तिघी, त्यामुळे तिथंही जागेचा प्रश्न आहे आणि फोनवर त्याचीच चर्चा चालते. "आई, कॉटखाली पाय अडकवून करू का गं?" असं विचारते. "कॉट हलते का बघ आधी," हे इकडून उत्तर.

इमारतीत मात्र एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. समईची तक्रार केलेल्या काकूंची सून आणि पहिल्या मजल्यावरच्या एक शिक्षिका रविवारी तिच्याकडे यायला लागल्या. तीन चटया हॉलमध्ये मावत नाहीत. गच्ची आहे, पण गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. त्यांचं म्हणणं, गच्चीवर लोक वाळवणं घालतात, टाक्या आहेत, उद्या कुणी पडलं तर जबाबदार कोण. लेखी अर्ज द्या, कमिटीसमोर ठेवू. तिघींनी अर्ज दिला आहे. त्यात वेळ घातली आहे रविवारी सकाळी सहा ते सात, टाक्यांच्या बाजूला न जाण्याची हमी दिली आहे, उड्या मारणार नाही असंही लिहिलं आहे, आणि खाली चौथी सही काकूंची आहे. कमिटीची मिटिंग पुढच्या महिन्यात आहे. तोवर दर रविवारी दिवाण भिंतीला उभा करून काम चालवायचं ठरलं आहे.